घरच्या मैदानावरचा गजर: नेरूळच्या फुटबॉल मॅचबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर फुटबॉल लागलं की प्रश्न दोन बाजूंनी येतात. तिकीट काढून आत जाणारे विचारतात, ढोल नेता येतो का, ओरडून काही उपयोग होतो का. स्टेडियमच्या आजूबाजूला राहणारे विचारतात, हे थांबणार कधी. माझं दोन्हीकडे येणंजाणं आहे. स्टँडमध्ये घसा बसवून घेतो आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याच आवाजाबद्दलच्या तक्रारीही ऐकतो. म्हणून दोघांचे प्रश्न एकाच ठिकाणी घेतले आहेत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नवी मुंबईत ‘होम मॅच’ नक्की कुणाची? आपली टीम तरी आहे का?

इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) पहिल्या दोन मोसमांत, म्हणजे २०१४ आणि २०१५ मध्ये, मुंबई सिटी एफसीचं घर नेरूळलाच होतं. १८ ऑक्टोबर २०१४ ला इथल्या पहिल्याच मॅचमध्ये त्यांनी एफसी पुणे सिटीला ५-० असं धुतलं आणि आंद्रे मोरित्झने हॅटट्रिक केली. २०१६ मध्ये क्लब अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनात गेला. त्यानंतर नेरूळच्या वाट्याला आलं ते अधूनमधून, पण मोठं: २०१७ चा १७ वर्षांखालील मुलांचा वर्ल्ड कप, २०२२ मध्ये मुलींच्या त्याच वर्ल्ड कपची फायनल (स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं), आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चॅम्पियन्स लीगमधली मुंबई सिटी विरुद्ध अल हिलाल. त्या मॅचची तिकिटं अनेकांनी अल हिलालच्या नेमारसाठी काढली होती. तो जायबंदी झाल्याने आलाच नाही, आणि मुंबई ०-२ हरली.

थोडक्यात, आपलं मैदान हक्काचं आहे, टीम मात्र पाहुणी म्हणून येते. भारताची मॅच असेल तर ‘घरची टीम कोणती’ हा प्रश्न उरत नाही. एरवीसाठी प्रश्न १२ पाहा.

२. आमच्या ओरडण्याने खरंच काही फरक पडतो, की नुसतीच मनाची समजूत?

फरक पडतो, पण आपल्याला वाटतो तेवढा नाही. घरच्या टीमला जास्त विजय मिळतात हे जगभरच्या लीगमध्ये दिसतं. त्यात ओळखीचं मैदान, प्रवासाचा शीण नसणं, हवामानाची सवय हे सगळं मिसळलेलं असतं, त्यामुळे प्रेक्षकांचा वाटा वेगळा काढता येत नव्हता. कोविडने ती सोय केली. १६ मे २०२० पासून जर्मनीची बुंडेसलिगा रिकाम्या स्टेडियममध्ये सुरू झाली, मागोमाग इतर लीगही आल्या. नंतरच्या अनेक अभ्यासांत एकूण चित्र असं दिसलं की घरच्या टीमचा फायदा घटला, पण शून्यावर आला नाही. पाहुण्या टीमला एरवी जास्त मिळणारी पिवळी कार्डंही कमी झाली.

आपल्याच क्लबची दोन उदाहरणं बघा. २०२०-२१ चा अख्खा मोसम गोव्यात बंद दाराआड झाला आणि त्याच मोसमात मुंबई सिटीने लीग शील्ड (साखळीत पहिलं येण्याची) आणि ट्रॉफी (फायनल जिंकण्याची) दोन्ही जिंकल्या. फायनलमध्ये एटीके मोहन बागानविरुद्ध बिपिन सिंगने ९०व्या मिनिटाला २-१ केलं, तेव्हा जल्लोष करायला स्टँडमध्ये कुणी नव्हतं. ४ मे २०२४ ला तर उलटंच. कोलकात्याचं सॉल्ट लेक मोहन बागानच्या समर्थकांनी भरलेलं, आणि कप ३-१ ने मुंबईचा. पब्लिक धक्का देते, गोल खेळाडूलाच करावा लागतो.

३. मग त्या आवाजाचा परिणाम होतो तरी कुणावर?

माझं मत विचाराल तर सगळ्यात जास्त रेफरीवर. २००२ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी ४० रेफरींना लिव्हरपूल विरुद्ध लेस्टर मॅचचं रेकॉर्डिंग दाखवलं, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या टीमविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. पाहुण्यांना त्यांनी मुद्दाम जास्त शिक्षा केली असं काही दिसलं नाही. फक्त घरच्या टीमविरुद्ध निर्णय देताना ते कचरले. हजारो लोक एकदम ‘ए!’ करून ओरडले की शंकेचा फायदा कुणाकडे झुकतो, ते यातून कळतं.

दुसरा परिणाम पाहुण्या बचावफळीवर. मागून प्रतिस्पर्धी येतोय, बॉल सोड, ऑफसाइडची लाइन वर घे, हे सगळं ओरडूनच सांगायचं असतं. ते ऐकू आलं नाही की एखादा डिफेंडर दोन पावलं उशिरा हलतो. पण हाच त्रास आपल्या टीमलाही होतो, हे स्टँडमधले लोक विसरतात. पुढे प्रश्न ६ त्याबद्दलच आहे.

४. डी. वाय.ला एवढी माणसं असूनही आवाज पोकळ वाटतो, अंधेरीत मूठभर असून कानठळ्या बसतात. असं का?

नेरूळचं स्टेडियम क्रिकेटसाठी बांधलेलं, साधारण ५५ हजारांचं. अंडाकृती मैदानाच्या मधोमध १०५ बाय ६८ मीटरचा फुटबॉलचा आयत आखला की टचलाइन (आयताची लांब बाजू) आणि पहिली रांग यांच्यात भलीमोठी हिरवळ मोकळी राहते. आवाज ती ओलांडेपर्यंत पातळ होतो. अंधेरीला स्टँड टचलाइनला चिकटलेले आहेत. थ्रो-इन घेणाऱ्याला मागच्या माणसाचं नावानिशी ओरडणं ऐकू येतं.

दुसरं कारण हिशोबाचं. डेसिबल माणसांच्या प्रमाणात वाढत नाहीत. ओरडणारे दुप्पट झाले की आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो, दहापट झाले की १० डेसिबलने, आणि १० डेसिबलची वाढ आपल्या कानाला साधारण दुप्पट वाटते. म्हणजे पाच हजारांच्या जागी पन्नास हजार आले तरी कानाला हिशोब फक्त दुपटीचा लागतो. ते फायदेही अंतर खाऊन टाकतं.

तिसरं कारण मला सगळ्यात रंजक वाटतं, ते म्हणजे उशीर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. डी. वाय.च्या एका टोकाच्या स्टँडमधून समोरच्या टोकाला पोचायला त्याला अर्धा सेकंद किंवा त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. तुम्ही सेकंदाला दोन टाळ्या मारत असाल तर समोरच्यांना तुमची पहिली टाळी ऐकू येते तेव्हा तुमची दुसरी पडलेली असते. ते ऐकून मारतात, त्यांचा आवाज तुमच्यापर्यंत आणखी उशिरा येतो, आणि दोन-तीन फेऱ्यांत घोषणेचा नुसता कलकलाट होतो. लोक कमी ओरडतात असं नाही, ते एकमेकांचा आवाज पुसतात.

म्हणून मोठ्या मैदानात सगळं स्टेडियम एकदम पेटवण्याच्या नादी लागू नये. एक स्टँड धरावा.

५. बरं, एक स्टँड धरला. घोषणा एका सुरात कशी ठेवायची?

भजनी मंडळ कसं चालतं तसंच. एकजण सांगतो, बाकीचे उचलतात, आणि ठेका एकाच पखवाजाचा असतो. स्टँडमध्ये सांगणारा मैदानाकडे पाठ करून उभा राहतो, म्हणजे त्याची मॅच बुडतेच, त्याला इलाज नाही. बाकीच्यांनी कानावर विसंबून न राहता त्याच्या हाताकडे बघायचं, कारण प्रकाशाला उशीर लागत नाही.

घोषणा छोटी हवी. खेळाडूचं नाव आणि दोन टाळ्या, बस. आपल्याकडे एक सोय आयती आहे: ‘गणपती बाप्पा’ म्हटलं की ‘मोरया’ कुणाला शिकवावं लागत नाही. अर्ध वाक्य पुढच्याने टाकायचं आणि अर्ध हजारोंनी पूर्ण करायचं, ही सवय ठाण्या-नवी मुंबईच्या पोरांच्या अंगात लहानपणापासून आहे. इंग्लंडच्या क्लबांची लांबलचक गाणी पाठ करून आणणाऱ्या मित्रांना मी हे दरवेळी सांगतो. दुसऱ्या ओळीपासून पन्नासच लोक उरतात.

२०१६ च्या युरोत आइसलंडच्या लोकांनी गाजवलेली डोक्यावर हात नेऊन मारायची टाळी डी. वाय.सारख्या मैदानात चांगली चालते. सुरुवातीला दोन टाळ्यांमध्ये एवढी शांतता असते की प्रश्न ४ मधला उशीर त्या फटीत मुरून जातो. वेग वाढवला की मात्र ती विस्कटते. तेव्हा घाई करू नका.

६. पूर्ण ९० मिनिटं ओरडायचं का?

नाही, आणि इथेच आपली क्रिकेटची सवय आड येते. क्रिकेटमध्ये बॉल पडतो, काहीतरी होतं, मग आपण ओरडतो. फुटबॉलमध्ये गोल झाल्यावरच्या ओरडण्याचा टीमला उपयोग शून्य. आवाज घटनेच्या आधी हवा.

माझा क्रम असा: पाहुणे त्यांच्या गोलकीपरपासून पास खेळत वर येत असतील तर पूर्ण ताकद लावायची, कारण त्यांना एकमेकांचं ऐकू येऊ नये. आपला कॉर्नर असेल तर कॉर्नर घेणारा बॉल ठेवायला चालत जातो तेव्हापासून आवाज चढवत न्यायचा. त्यांची पेनल्टी असेल तर गोलमागच्या स्टँडने जमेल ते करावं. आपल्या टीमने बॉल हरवून लगेच परत मिळवला तर टाळ्या द्याव्यात. गोल नसला तरी तोच क्षण खेळाडूंना दम देतो.

गप्प कधी बसायचं, ते जास्त महत्त्वाचं. आपला गोलकीपर फ्री किकसाठी भिंत लावत असेल तर त्याला बोलू द्या. तो ‘डावीकडे’ म्हणतो आणि आपण ढोल बडवत असतो, हे मी पाहिलं आहे. आपली पेनल्टी असताना मारणाऱ्याला शांतता आवडते. कुणी दुखापत होऊन पडला असेल, मग तो कुठल्याही टीमचा असो, तेव्हाही गप्प.

७. प्रेक्षकच कमी असतील तर? ओक्याबोक्या स्टँडमध्ये ओरडायची लाज वाटते.

१ जून २०१८ ला अंधेरीत भारत विरुद्ध चायनीज तैपेई मॅचला अधिकृत आकडा होता २,५६९. भारताने ५-० जिंकली, सुनील छेत्रीची हॅटट्रिक, आणि बघायला कुणी नाही. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकून लोकांना सांगितलं, शिव्या द्यायच्या तर द्या, पण स्टेडियममध्ये येऊन द्या. ४ जूनची केनियाविरुद्धची मॅच, त्याची शंभरावी, पाऊस असूनही हाऊसफुल झाली. भारत ३-० जिंकला, दोन गोल छेत्रीचे.

तुमच्या प्रश्नाचं व्यावहारिक उत्तर: विखरून बसू नका. दोनशे माणसं एका कोपऱ्यात खांद्याला खांदा लावून उभी राहिली तर मैदानाला कळतं. तीच स्टेडियमभर पसरली तर समोसे खायला आल्यासारखी दिसतात.

८. ढोल-ताशा आत नेता येतो का?

गेटवर जाऊन विचारू नका, तिथे ‘नाही’ हेच उत्तर मिळतं. आयोजकांकडे किंवा क्लबच्या मान्यताप्राप्त फॅन क्लबमार्फत आधी परवानगी घ्यावी लागते, कुठल्या स्टँडमध्ये बसणार हेही सांगावं लागतं. काठ्या, झेंड्यांचे दांडे यांवर सुरक्षारक्षकांचं खास लक्ष असतं, त्यामुळे ढोलाच्या टिपरूचाही उल्लेख परवानगीत असू द्या. पथक नको, एक ढोल आणि एक ताशा पुरे. दोन ढोल दोन टोकांना असले की काय होतं ते प्रश्न ४ मध्ये आलं आहे.

९. भोंगा, व्हुवुझेला, शिट्टी, फटाके?

भोंगा आणि व्हुवुझेला घरीच ठेवा. २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्ल्ड कपनंतर युरोपच्या युएफाने आपल्या स्पर्धांत व्हुवुझेलावर बंदी घातली, कारण त्या सलग गुणगुणीत प्रेक्षकांचा स्वतःचा आवाजच ऐकू येईना. एअर हॉर्नचंही तेच. यंत्राला मॅच कळत नाही, ते सगळ्या मिनिटांना सारखंच वाजतं.

शिट्टी मात्र वेगळ्या कारणाने वाईट. प्रेक्षकातल्या कुणी शिट्टी वाजवली, खेळाडू थांबले आणि त्यामुळे खेळात अडथळा आला असं रेफरीला वाटलं, तर नियमानुसार खेळ थांबतो आणि ड्रॉप बॉलने (रेफरी बॉल खाली सोडतो) पुन्हा सुरू होतो. आपला स्ट्रायकर एकटा गोलकडे निघालेला असताना आपल्याच पोराने शिट्टी मारली तर? बोटं तोंडात घालून मारलेली शिट्टीही रेफरीच्या शिट्टीसारखी वाटू शकते.

फटाके आणि रंगीत धुराच्या नळ्या यांची दंडाची पावती क्लबच्या नावाने फाटते. एएफसी आणि फिफा दोघांच्याही शिस्तीच्या नियमांत ते बसतं.

१०. मुलाला नेलं तर त्याच्या कानांना त्रास होईल का?

साधारण मापदंड असा: ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन होतो, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. भरलेल्या स्टेडियममध्ये गोलच्या वेळी आवाज शंभरापार जातो, पण तो काही सेकंद टिकतो. खरा धोका ढोल, डीजेचे स्पीकर आणि भोंगे यांच्या शेजारी दीड तास बसण्याचा आहे. ज्यांनी ठाण्यात दहीहंडीला स्पीकरच्या भिंतीसमोर मूल खांद्यावर घेतलं असेल, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मोठ्यांना फोमचे इअरप्लग पुरतात. लहान मुलांसाठी कानावर बसणारे इअरमफ चांगले, ते निसटत नाहीत आणि गिळले जात नाहीत. मॅचनंतर कानात शिट्टी वाजल्यासारखं होत असेल, तर तुम्ही जास्त आवाजात बसला होतात. दुसऱ्या दिवशीही राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. मोबाइलवरच्या डेसिबल ॲपवर फार विसंबू नका, फोनचा माइक मोठ्या आवाजाला दबतो आणि आकडा कमी दाखवू शकतो.

बरेच जण मला १४२.२ डेसिबलच्या गिनेस विक्रमाचा फोटो पाठवतात. तो २०१४ मध्ये कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियमवर झाला, तिथे हेल्मेट घालून खेळतात ते अमेरिकन फुटबॉल. आपला खेळ वेगळा, आणि कानांचं बघता तो विक्रम तिकडेच राहिलेला बरा.

११. आम्ही स्टेडियमजवळ राहतो. रात्री दहानंतर आवाज आला तर काय करायचं?

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. त्या वेळात लाउडस्पीकर, वाद्यं आणि आवाज वाढवणारी साधनं उघड्यावर वाजवता येत नाहीत. ठरावीक सण-कार्यक्रमांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल, किंवा रात्रीची बंदी मोडली जात असेल, तर तक्रार करता येते. त्या क्षणी हवी तर ११२ वर पोलिसांना, नंतर लेखी पोलीस ठाण्यात.

स्टेडियमशेजारीच रुग्णालय आणि कॉलेज आहेत, मग हे शांतता क्षेत्र नाही का, हा पुढचा प्रश्न असतो. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीच्या किमान १०० मीटरचा विचार त्यात होतो. पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसं जाहीर केल्याशिवाय ती जागा आपोआप शांतता क्षेत्र ठरत नाही.

आता व्यवहार. साडेसातला सुरू झालेली मॅच साडेनवाच्या आत संपते, त्यामुळे साध्या लीग मॅचमध्ये भांडणाची वेळ येत नाही. बाद फेरीत जादा वेळ आणि पेनल्टी आल्या की दहा वाजून जातात. आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंची तक्रारही प्रेक्षकांच्या ओरडण्याबद्दल नव्हती. मॅच संपल्यावर रिकाम्या होत चाललेल्या स्टेडियमसाठी लावलेल्या गाण्यांबद्दल होती, आणि ती मला शंभर टक्के पटते. तक्रारीत नेमकं लिहा: स्पीकर, वेळ, किती मिनिटं. ‘फार गोंगाट होतो’ एवढंच लिहिलं तर कागद फाइलमध्ये जातो.

सोसायटीच्या गच्चीवर स्क्रीन लावून मॅच दाखवणाऱ्यांनाही हेच नियम. गच्ची बंद सभागृहात मोडत नाही.

१२. घरच्या मैदानावर पाहुण्यांचीच माणसं जास्त असली तर?

नवी मुंबईत हे होणारच. वाशी-नेरूळला मल्याळी कुटुंबं दोन-दोन पिढ्यांपासून आहेत, बंगाली आहेत, आणि ती फुटबॉल आपल्यापेक्षा जास्त मुरलेल्या घरांतली आहेत. २० डिसेंबर २०१४ ला आयएसएलची पहिली फायनल डी. वाय.वरच झाली, अॅटलेटिको डी कोलकाता विरुद्ध केरला ब्लास्टर्स. ९० मिनिटांनंतर भरपाईच्या वेळेत मोहम्मद रफीकने हेडर मारला, १-०. दोन्ही टीम बाहेरच्या, आणि जागा मात्र आपल्याच गावातली.

अशा वेळी संख्येने जिंकायला जाऊ नका. त्यांच्या घोषणेवर आपली घोषणा चढवली की दोन्ही विस्कटतात. त्यांचा श्वास घ्यायचा क्षण धरा, छोटी घोषणा टाका, थांबा. केरला ब्लास्टर्सच्या पिवळ्या गर्दीत मुंबईचा निळा शर्ट घालून बसला असाल तर प्रश्न १३ वाचा.

१३. प्रतिस्पर्ध्याला डिवचणं कुठपर्यंत चालतं?

त्याच्या खेळापर्यंत. पेनल्टी आकाशात मारली, हसा. टीम तीन गोलांनी मागे आहे, आठवण करून द्या. रंग, जात, प्रांत, चेहरा, आईबहीण यांवर गेलात की ते चिडवणं राहत नाही. वर्णद्वेषी घोषणांसाठी रेफरीकडे तीन टप्पे असतात: आधी खेळ थांबवून सूचना, मग खेळाडूंना काही वेळ आत नेणं, आणि तरीही न थांबल्यास मॅच रद्द. ईशान्य भारतातल्या खेळाडूंबद्दल आपल्याकडच्या स्टँडमध्ये जे कधीकधी ऐकू येतं ते यातच मोडतं, ‘गंमत केली’ म्हणून सुटत नाही. शेजारचा बोलत असेल तर स्टुअर्डला सीट नंबर सांगा.

१४. घसा बसला. दुसऱ्या दिवशी ऑफिसला प्रेझेंटेशन आहे.

कुजबुजू नका, त्याने स्वरयंत्रावर ताणच येतो. कमी बोला, पाणी जास्त प्या, वाफ घ्या. तीन आठवड्यांनंतरही आवाज घोगराच असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. पुढच्या वेळी पोटातून ओरडा, आणि दर दहा मिनिटांनी घोट घ्या.

१५. परतताना लोकलमध्ये घोषणा दिल्या तर चालतं का?

नेरूळ आणि जुईनगर स्टेशनांच्या प्लॅटफॉर्मवर द्या, जिंकलो असू तर मीही देतो. डब्यात शिरल्यावर मात्र हार्बरवर दिवसभराची शिफ्ट करून पनवेलला निघालेली माणसं डोळे मिटून बसलेली असतात. ढोल मांडीवर आडवा ठेवा आणि त्यावर हात ठेवू नका, कुणीतरी सवयीने थाप मारतोच.